खुडूक कोंबडीखालचे मोर

मी शाळेत शिकवते, पण शिक्षिका नाही. हजेरीच्या मस्टरवर माझं नाव नसतं आणि परीक्षेत माझ्या विषयाला गुण नसतात. बीडच्या कॉलेजात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. दर शनिवारी पहाटेची एसटी धरून मोरांच्या अभयारण्याला लागून असलेल्या एखाद्या गावात, काही महिने सलग त्याच गावात, जाते आणि तिथल्या जिल्हा परिषद शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांना जंगलाबद्दल शिकवते. बीडमधली एक छोटी संस्था हे काम चालवते. आमच्या घरात कॉलेजपर्यंत गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मी नेमकं काय करते हे आईला सांगता येत नाही. कुणी विचारलं की ती म्हणते, "पोरांना पाखरं दावती." मला वाटतं, याहून नेमकं मलाही सांगता येणार नाही.

कॉलेजच्या अंकासाठी कामाचे अनुभव लिहा असं सांगितल्यावर मी आधी नाहीच म्हणाले. तीन वर्षांच्या शनिवारांना अनुभव म्हणायचं का, हा प्रश्न होता. मग वाटलं, एक गोष्ट तरी सांगण्यासारखी आहे. तिच्यात माझी चूक आहे, म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

आधी काम कसं चालतं ते सांगते. आमचं जंगल चित्रातल्या जंगलासारखं नाही. बालाघाटाचे बोडके डोंगर, बोरी-बाभळी, हिवर, करवंदाच्या जाळ्या आणि उरलेलं सगळं गवत. उन्हाळ्यात बाहेरचा माणूस याला माळरानच म्हणेल. श्रावणात मात्र एखाद्या सकाळी ढग थेट पठारावर उतरतात, दहा पावलांपलीकडचं दिसत नाही आणि त्या पांढऱ्यातून चारी बाजूंनी मोर ओरडत असतात. अशा सकाळी वर्ग घ्यायची गरज नसते. मुलांना ओट्यावर बसवायचं आणि कुठून किती आवाज आले ते मोजायला लावायचं.

इतर दिवशी माझी कापडी पिशवी लागते. तिच्यात गळून पडलेली पिसं, सापाची कात, सुगरणीचं घरटं आणि काड्यापेट्यांमध्ये निरनिराळ्या प्राण्यांच्या वाळलेल्या लेंड्या असतात. लेंडी बघून प्राणी ओळखायचा, हा आमचा सर्वांत लोकप्रिय तास. त्यात मी बहुतेक वेळा हरते. पहिल्याच महिन्यात मी एक काड्यापेटी उघडून "ही सशाची" असं सांगितलं, तेव्हा मेंढरं राखणाऱ्या घरातला सुशांत नावाचा मुलगा मागच्या बाकावरून शेजारच्याला म्हणाला, "अबे, ही तर आमच्या शेळीची हाय. कालचीच असंल." सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण कान लाल झाले होते.

त्याच्याही आधीचा पहिला तास तर आठवला की अजून लाज वाटते. संस्थेनं दिलेली चित्रं मी भिंतीवर लावली होती. त्यात वाघ, हत्ती आणि बर्फावरचं पांढरं अस्वल होतं. एका मुलीनं हात वर केला.

"ताई, हे अस्वल आपल्याकडं हाय का?"

"नाही."

"मग कावून दावताव?"

ही कोमल. तेव्हा सहावीत होती. पुढच्या शनिवारी मी ती चित्रं नेली नाहीत.

गिऱ्हाइकं म्हणावीत तर मुलांपेक्षा मोठी माणसं जास्त अवघड. एका गावात एक आजोबा दर शनिवारी वर्गाच्या दारात येऊन बसायचे. बोलायचे नाहीत. महिनाभरानं मी हजेरी घेताना उठले आणि म्हणाले, "बाई, मोराची बी हजेरी घ्या की. आमच्या भुईमुगात रोज असतोय, एक दिस खाडा न्हाई त्याचा." त्या दिवशी मी ठरवलेला धडा सोडून आजोबांनाच पुढं उभं केलं. पेरलेलं बी मोर कसे उकरतात, राखणीला किती पहाटे जावं लागतं, ते त्यांनी तासभर सांगितलं. जंगलाशेजारी राहणाऱ्यांची बाजू मला पुस्तकात कुठं मिळाली नव्हती, ती त्यांनी दिली. जाताना म्हणाले, "पण मारायचा न्हाई हां कुणी. ते काय आपल्या बापाचं हाय का?"

आता ती गोष्ट.

गेल्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर मी एक मोठा तक्ता तयार केला. मला चित्रं बऱ्यापैकी काढता येतात आणि या तक्त्याचा मला अभिमान होता. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'मोर मारणे, पकडणे, अंडी उचलणे गुन्हा आहे. तुरुंग होऊ शकतो.' खाली एक माणूस काढला होता. एका हातात अंडं, दोन्ही मनगटांत बेडी. तो गावातला वाटावा म्हणून त्याला पांढरी टोपी आणि मिशा दिल्या. हेडसरांना तक्ता फार आवडला. त्यांनी तो सातवीच्या वर्गात फळ्याशेजारी लावून घेतला. ज्यांना रोज तो बघायचा होता त्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरात टोपी घालणारा, मिशीवाला माणूस होता, हे माझ्या लक्षात आलं नाही.

त्याच महिन्यात मी आणखी एक धडा घेतला होता. लांडोर जमिनीवरच, गवतात अंडी घालते. बसलेली असताना कुणी फार जवळ गेलं तर ती उठते आणि कधी कधी परत येतच नाही. मग कावळे, मुंगूस, कुत्री अंडी ठेवत नाहीत. मुलांनी हे मन लावून लिहून घेतलं. प्रत्येकाला मी एक निसर्गवही दिली होती. जे दिसलं ते तारीख-वार घालून लिहायचं, एवढाच नियम. कोमल आता सातवीत होती आणि तिची वही सर्वांत जाड झाली होती.

श्रावणात ती लागोपाठ दोन शनिवार आली नाही. तिसऱ्या शनिवारीही तिची जागा रिकामी दिसली तेव्हा मी विचारलं. सगळ्यांनी वह्यांत माना घातल्या. शेवटी सुशांत म्हणाला, "ती न्हाई येणार ताई. तिच्या घरी मोर झालेत."

"झालेत म्हणजे?"

"कोंबडीला झालेत." वर्गात हसू फुटलं. एक मुलगा तक्त्याकडं बोट दाखवून म्हणाला, "तिच्या पप्पाला नेणारेत. अशी बेडी घालून." आणि त्यानं मनगटं जुळवून दाखवली. मग कळलं की तो हे गेले पंधरा दिवस रोज करत होता.

अकराला शाळा सुटल्यावर मी कोमलच्या घरी गेले. गावाच्या टोकाला, शेताला लागूनच त्यांचं पत्र्याचं घर. दारात तिची आजी, गयाबाई, कोंबड्या झाकायच्या एका मोठ्या डालग्यावर पोतं टाकून त्यावर हात ठेवून बसली होती.

"आजी, कोमल कुठंय?"

"मामाच्या गावाला गेलीय."

आतून कोमल शिंकली.

आजीनं माझ्याकडं बघितलं, मी आजीकडं. मग ती पोतं आणखी घट्ट धरून म्हणाली, "तुमी फारेस्टवाल्यांचं माणूस न्हवं?"

"मी शाळेतली आहे, आजी."

"तेच ते. तुमीच लावलंय ना ते बेडीचं चित्र?"

तेवढ्यात डालग्यातून बारीक चिवचिव ऐकू आली. कोमल बाहेर आली, तिनं पोतं काढलं. लाल कोंबडी पंख फुगवून बसली होती आणि तिच्या पंखांखालून तीन तपकिरी पिल्लं माना काढून बघत होती. कोंबडीच्या पिल्लांपेक्षा लांब पाय, लांब मान. एक तर धडपडत कोंबडीच्या पाठीवर चढून बसलं. मी दुसरं वर्ष मोर शिकवत होते, पण मोराचं पिल्लू इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते.

झालं होतं असं. कोमलचे वडील अंकुशराव बांधावर म्हशीसाठी गवत कापत होते. विळ्याखालूनच लांडोर फडफडत उडाली. खाली पाच अंडी, त्यातलं एक विळ्यानं फुटलेलं. कोमल सोबत होती. तिला धडा आठवला. तिनं वडिलांना लांब नेलं आणि दोघं आंब्याखाली बसून राहिले. लांडोर आली नाही, कावळे आले. मग ती अंडी ओढणीत गुंडाळून तिनं घरी आणली. घरात एक कोंबडी खुडूक होती, म्हणजे अंडी असोत-नसोत, उबवायला बसून राहिलेली. तिच्याखाली ती चार अंडी ठेवली. तेराव्या दिवशी तीन फुटली.

"चुकलं का ताई?" कोमलनं विचारलं.

अंडी उचलायला नको होती, हे खरं. पण कावळे आल्यावर काय करायचं हे मी शिकवलंच नव्हतं.

"तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगायचं?" ती म्हणाली. "तक्त्यावर तुरुंगाचं लिवलंय. फोन कुणाला करायचा, ते तुमी लिवलंच न्हाई."

अंकुशराव रानातून आले. मला बघून दारातच थांबले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात धरली आणि नंतर बोलताना ती सारखी चुरगाळत राहिले. ते म्हणाले, "ताई, आज अंधार पडला की मी पिल्लं नेऊन जंगलात सोडतो. तुमी काय बघितलं न्हाई, मी काय केलं न्हाई. पोरीची शाळा सुटाया लागली ह्याच्यापायी."

मला ते फार सोपं वाटलं, हे कबूल करते. पण दोन-अडीच आठवड्यांची पिल्लं आईविना जंगलात एक रात्रही काढणार नाहीत हे मला माहीत होतं. कोमललाही माहीत होतं. तिनं पोतं पुन्हा डालग्यावर घातलं.

फोन केला आणि अंकुशरावांवर गुन्हा दाखल झाला, तर? मी कायदा शिकवत होते, पण तो कसा चालतो हे मला अजिबात माहीत नव्हतं. संस्थेतल्या मॅडमना फोनवर विचारलं, त्या म्हणाल्या, वनविभागाला कळवायलाच हवं, पुढचं मला सांगता येणार नाही. मी अंकुशरावांना तेच जसंच्या तसं सांगितलं. "काय होईल मला माहीत नाही. पण तुम्ही होऊन सांगितलं आणि मी तुमच्याबरोबर उभी राहिले, तर ते लपवण्यापेक्षा बरं."

आजी म्हणाली, "आरं, पोरगी बघ कशी बसलीय." कोमल डालग्याला टेकून गुडघ्यांत तोंड घालून बसली होती.

"लावा फोन," अंकुशराव म्हणाले.

आमच्या भागाचे वनरक्षक शिरसाट यांना मी दोन-तीनदा शाळेत बोलावलं होतं, पण अशा कामासाठी फोन पहिल्यांदाच करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "काही हलवू नका. वरच्या साहेबांना विचारतो," एवढंच म्हणाले. सोमवारी येतो म्हणाले. रविवारचा दिवस त्या घरानं कसा काढला ते मला नंतर आजीनं सांगितलं. अंकुशरावांनी दाढी केली, धुतलेले कपडे काढून ठेवले आणि म्हशीचं कोण बघेल ते भावाला सांगून आले.

सोमवारी मी कॉलेज बुडवून गेले. शिरसाटांबरोबर वनपाल साहेब होते. बाजेवर बसून त्यांनी कागद काढला. ओट्याखाली अर्धं गाव जमलं होतं. साहेबांनी अंकुशरावांना तारीख विचारली. त्यांना ती सांगता येईना. जागा विचारली, तर जीभ वळेना. "बांध... तिकडचा बांध..." असं म्हणत ते थांबले. साहेबांचा चेहरा बदलायला लागला.

तेव्हा कोमल घरात गेली आणि वही घेऊन आली. साहेबांच्या हातात न देता उभी राहून तिनं आधी तारीख आणि मग पुढचं वाचून दाखवलं.

"बुधवार. सकाळ. पश्चिमेचा बांध, आंब्यापासून चाळीस पावलं. पप्पांच्या इळ्याखालून लांडोर उडाली. अंडी पाच, एक फुटलं. पप्पा लई वेळ फुटक्या अंड्याकडं बघत होते. आंब्याखाली बसलो. सूर्य डोक्यावर आला तरी लांडोर आली न्हाई. कावळे चार."

पुढची पानं अशीच होती. रोज किती दाणे दिले, कोणतं पिल्लू किती उडालं, कोणत्या दिवशी एकानं पहिल्यांदा मान वर करून आकाशातल्या घारीकडं बघितलं. साहेबांनी वही मागून घेतली, मागून पुढं, पुढून मागं चाळली.

"अंडी का उचललीस?" त्यांनी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी ओट्यावर चढले. "साहेब, लांडोर परत येत नाही हे मी शिकवलं. फोन करा, हे मी शिकवलं नाही. चूक माझी आहे. मी शिकवलं तेवढं सगळं तिनं बरोबर केलंय." एवढ्या माणसांसमोर मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी वहीवरून पंचनामा लिहिला आणि तो मोठ्यानं वाचला. गवत कापताना घरटं उघडं पडलं, पिल्लं जिवंत, शेतकऱ्यानं स्वतःहून स्वाधीन केली. "मी वर पाठवतो. ठरवणारे साहेब वेगळे आहेत," ते म्हणाले. अंकुशरावांनी सही केली. सही करताना त्यांना नीट दिसेना, म्हणून कोमलनं जागेवर बोट ठेवलं.

मग पिल्लं न्यायची वेळ आली आणि नवीनच पेच पडला. पिल्लं कोंबडीपासून हलेनात. एक खोक्यात ठेवलं की दुसरं बाहेर आणि कोंबडी शिरसाटांच्या हातावर टोचे मारत होती. शेवटी ते म्हणाले, "आजी, कोंबडी पण द्यावी लागेल. काही दिवस."

"कोंबडीनं काय गुन्हा केलाय?" गयाबाई कडाडली. खालची माणसं हसली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा अंकुशरावही हसले.

कोंबडी महिनाभर वनविभागाच्या चौकीवर जाळीच्या खोलीत राहिली. कोमलनं लिहून दिलेल्या दाण्यांच्या यादीप्रमाणे शिरसाट खायला देत होते. दोन पिल्लं जगली, तिसरं आठव्या दिवशी मेलं. का मेलं ते कळलं नाही. ते मी कोमलला स्वतः जाऊन सांगितलं. तिनं वहीत लिहिलं आणि त्या पानावर दुसरं काही लिहिलं नाही. उरलेली दोन पुढं जाळीबाहेरच्या लिंबावर झोपायला लागली, तेव्हा कोंबडी घरी परत आली.

अंकुशरावांवर गुन्हा दाखल झाला नाही. शिरसाटांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या गेटवर होते. बातमी सांगायला मी तशीच बसस्टँडवर गेले आणि मिळाली ती गाडी पकडली. पुढच्या शनिवारी कोमल तिच्या जागेवर होती. मनगटं जुळवून दाखवणारा मुलगा तिच्या शेजारी बसून तिची वही उतरवून घेत होता.

जुना तक्ता मी स्वतः भिंतीवरून उतरवला. नवीन तक्ता मुलांनी केला. सर्वांत वर शिरसाटांचा नंबर, त्याखाली 'आधी सांगा', त्याखाली 'हात लावू नका, लांब बसून बघा'. कायदा आहेच, पण तो सर्वांत खाली आणि साध्या अक्षरांत. बेडी नाही. चित्रात एक लांडोर आहे. ती सुशांतनं काढली आहे. बदकासारखी दिसते, पण मी तिला हात लावलेला नाही. आता हा तक्ता माझ्या सहाही शाळांमध्ये आहे. मला माझ्या कामातल्या कशाचा अभिमान वाटत असेल तर याचा, आणि त्यात माझं एकही अक्षर नाही.

खंत अशी की त्या जुन्या तक्त्याला घाबरून किती घरांनी किती गोष्टी गपचूप पोत्याखाली झाकल्या असतील, ते मला कधीच कळणार नाही.

यंदा कोमल आठवीला तालुक्याच्या शाळेत गेली. भाद्रपदात मी तिच्या गावात शनिवारचा तास घ्यायला गेले होते. एसटीतून उतरून चालत येताना उतारावरची शेतं दिसली. बांधांवरचं गवत कापून झालेलं, वैरणीच्या पेंढ्या रचलेल्या. पण मधे मधे न कापलेल्या गवताची छोटी, हिरवी बेटं उभी होती. इथं एक, वर कुंपणाच्या ताटीजवळ एक, पलीकडच्या माणसाच्या रानात दोन. पहिल्यांदा मला वाटलं, काम अर्धवट राहिलंय.

अंकुशराव बांधावरच होते. मला बघून त्यांनी विळा खाली ठेवला, चार पावलं पुढं आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, इकडून नका येऊ. त्या वाटंनं या."

"का हो?"

त्यांनी बेटाकडं बोट दाखवलं. "कापता कापता आतून सळसळलं. तिथंच थांबलो. शिरसाटसायबाला फोन केलाय."

"किती अंडी आहेत?"

"ते कसं सांगू?" ते म्हणाले. "मी बघितलंच न्हाई."